खर्ड्याला निघालेल्या चाळीस पेट्या

खर्ड्याला लोक किल्ला बघायला जातात. आम्ही निघालो होतो कांद्याच्या फुलांसाठी, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, आमच्या माश्यांसाठी. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी शेजारणी विचारतात, "कसा झाला गं प्रवास?" प्रत्येकीला तोंडी सांगायचं बळ माझ्यात नाही, म्हणून एकदाच लिहून काढते.

आम्ही वाईजवळचे. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे मधमाश्या आहेत. पूर्वी फक्त मध विकायचो. आता पेट्या शेतकऱ्यांच्या रानात नेऊन ठेवतो. कांद्याचं बी धरणाऱ्याला माश्या लागतातच. पांढऱ्याशुभ्र गोंड्यांनी रान कितीही भरलं तरी माशी बसल्याशिवाय त्यात दाणा भरत नाही. खर्ड्याच्या भानुदासअण्णांचा फोन आला तेव्हा गोंडे उमलायला लागले होते. चाळीस पेट्या, म्हणजे आमचं होतं नव्हतं ते सगळं, आम्ही पिकअपमध्ये भरलं.

यजमानांना मी घरात 'अहो' म्हणते. लिहिताना विलासराव म्हणेन, म्हणजे राग जरा झाकला जाईल. विलासराव माश्यांच्या बाबतीत आईपेक्षा हळवे आणि गाडीच्या बाबतीत सासूपेक्षा कठोर. पेट्या भरताना गाडी चालूच ठेवायची, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. इंजिनाची थरथर फळ्यांतून पेटीत जाते आणि माश्या आतल्या चौकटींना धरून गप्प बसतात. इंजिन बंद केलं की खवळतात. त्यामुळे संध्याकाळी पेट्यांची दारं लावण्यापासून शेवटची दोरी आवळेपर्यंत आमची गाडी अंगणात घुरघुरत असते. वाटेत चहाला थांबलो तरी घुरघुरत असते. आमच्या धंद्यातले सगळेच असं करतात. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही.

राशीन

दिवस उगवायच्या आत पेट्या रानात मांडायच्या, हा नियम. पण उजाडलं तेव्हा आम्ही जेमतेम राशीनला पोचलो होतो. भिगवणच्या अलीकडेच गाडीने दम सोडला होता. स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा लागला होता, नळीमध्ये ठिपके भरावेत तसं चित्र.

"अहो, हा दिवा कसला?"

"लागतोय अधनंमधनं. जातोय आपोआप."

राशीनच्या देवीच्या देवळातली दीपमाळ हलते, असं ऐकून होते. चहाच्या टपरीवरच्या बाईंना मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "हालती तर! येताना बगा की निवांत, देवी काय पळून चाललीय का?" चहा इतका गोड होता की आमच्याकडे तेवढ्या साखरेत शिरा झाला असता. पाठीमागे गाडी चालू होती आणि पेट्यांतून शांत, एकसारखी गुणगुण येत होती. तो आवाज मला पाळण्यातल्या लेकराच्या श्वासासारखा ओळखीचा आहे.

निघालो, आणि गाडी ओढेना. आमच्या पसरणीच्या घाटात भरल्या पेट्या घेऊन चढणारी ही गाडी. या मुलखात चढ म्हणजे नावालाच, तरी ती धापा टाकायला लागली. उजव्या हाताला ऊन वर येत होतं. मागच्या जाळीवर टाकलेली ओली पोती सुकायला लागली होती, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

माहीजळगाव

शकील मिस्त्रींचं दुकान म्हणजे चिंचेखाली एक पत्र्याची टपरी. पेट्या बघून ते आधी दहा पावलं मागे सरकले. "माशा हायत व्हय? मंग गाडी तिकडं, त्या कडंला लावा." माझ्या पदरावर एक माशी चालत होती तिच्याकडे त्यांचं सारखं लक्ष. पण काम केलं त्यांनी. हवेचा फिल्टर काढून झटकला. टर्बोची नळी फुटली असेल म्हणून तिच्यावर साबणाचं पाणी मारलं, पण फेस काही आला नाही. मग सायलेन्सरच्या तोंडापाशी तळहात धरून ते बराच वेळ उभे राहिले.

"कोंडलंय," म्हणाले. "धूर मोकळा भाईर पडंना. ह्या नव्या गाड्यांच्या पोटात गाळनी अस्ती बगा, डीपीएफ म्हंत्यात. काजळी आडवती ती. ती भरलीया."

"मग आता?"

"तिचं ती जाळून टाकती, पर गाडी तापाय पायजे. आता मोकळा रस्ता हाय. तिसऱ्या गिअरात ताना. फॅन गरजंल, जळका वास सुटंल, भ्यायचं न्हाई. येक डाव सुरू झालं का मदी बंद करू नका."

आम्ही मान डोलावली. जामखेडच्या दिशेला लागलो आणि विलासरावांनी गाडी ताणली. थोड्या वेळाने खरंच पंखा गरजला, जळका वास सुटला आणि गाडी जरा मोकळी वाटायला लागली. मी मनात देवीला हात जोडले.

मग मागून आवाज आला. गुणगुण नव्हे. चाळीस पेट्यांतल्या माश्या एकदम पंख मारायला लागल्या की जो आवाज होतो तो. आत गरम झालं की त्या पंखांनी वारा घालतात. विलासरावांनी आरशात बघितलं. पुढे एका लिंबाखाली गाडी घेतली, किल्ली फिरवून बंद केली आणि उडी मारून मागे गेले. खालच्या रांगेतल्या पेट्यांच्या तळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"अहो, मिस्त्री म्हणाले होते, मधे बंद करू नका."

"हात लावून बघ की! भट्टी झालीया खाली. मी डोळ्यांदेखत भाजू का त्यांना?"

मी हात लावला. खरंच भट्टी होती. आम्ही खालच्या पेट्या हलवून मध्ये फळ्या सरकवल्या, पोती भिजवली. पुन्हा किल्ली फिरवली तेव्हा पिवळा दिवा लालभडक झाला होता. गाडी चालत होती, पण बैलगाडीने मागे टाकावं इतकी सावकाश. एक सायकलवाले आजोबा आमच्याकडे बघत बघत पुढे निघून गेले. एरवी मी पोट धरून हसले असते.

जामखेड

जामखेडच्या गॅरेजमध्ये संतोष नावाचा तरतरीत मेकॅनिक भेटला. त्याच्याकडे गाडीला जोडायचं मशीन होतं. ते लावून त्याने आकडे बघितले आणि ओठ बाहेर काढले.

"फुल झालाय फिल्टर. पर थांबा, कदी कदी सेन्सरच खोटं बोलतो." त्याने गाळणीच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या बारक्या नळ्या काढल्या, फुंकून बघितल्या, वाकवून चिरा शोधल्या. नळ्या धड होत्या. म्हणजे आकडा खरा. मग त्याने ऑइलची काडी बाहेर ओढली.

"ऑइल कोनी भरलं हो यवडं?"

विलासरावांची छाती फुगली. "भरलंच न्हाय. आपली गाडी ऑइल पीत न्हाय. उलट वाढतंय."

संतोषने काडी त्यांच्या नाकाशी धरली. "वाढतंय म्हंजे डिझेल मिसळतंय त्यात. गाळनी जाळायला गाडी जादा डिझेल सोडती. तुमी मदीच बंद केली का ते न जळता खाली ऑइलमदी उतरतं. लई डाव झालंय ह्ये. गाडी उभी ठिवून चालू ठिवायची सवय हाय का?"

"छ्या! डिझेल काय फुकट हाय का?" विलासराव अगदी मनापासून म्हणाले.

"अहो, पेट्या चढवताना?" मी म्हणाले.

"ते येगळं."

"येगळं कसं?" संतोषने विचारलं.

मीच सांगितलं. पेट्या भरताना गाडी चालू ठेवतो, उतरवताना ठेवतो, चहाला थांबलो तरी ठेवतो. आणि पंखा गरजून खालून गरम वास यायला लागला की तेवढ्यापुरती मात्र आवर्जून बंद करतो, माश्यांना धग लागू नये म्हणून. संतोष ऐकत गेला आणि हसू दाबत गेला, पण पेट्यांकडे नजर गेल्यावर त्याचं हसू गेलं.

"काकू, उभ्या गाडीत काजळी साठती. गरजायला लागली का ती जाळती. तुमी साठवायच्या टायमाला चालू ठिवली आन् जाळायच्या टायमाला बंद केली."

विलासराव खाली बसले. सासऱ्यांच्या जुन्या मेटॅडोरला गाळणी नव्हती. तिच्या बाबतीत सासरे बोलले ते सगळं खरं होतं. गाडी बदलली आणि आम्ही शिकवण तशीच पुढे नेली. ज्या थरथरीने माश्यांना शांत ठेवलं, तिनेच त्यांना भर उन्हात आणून उभं केलं. हे मला तिथे, ग्रीसच्या डागांवर उभं राहून कळलं.

"आता मशीननं जाळता येत न्हाई का?" मी विचारलं.

"लई भरलाय. त्यात ऑइलमदी डिझेल. आता जाळाय गेलो तर गाडी पेटंल. फिल्टर उतरून साफ कराय पायजे. सांज व्हईल."

सांजेपर्यंत माश्या जगणार नव्हत्या. मग दारं उघडावीत? तीही सोय नव्हती. दारं उघडली की माश्या बाहेर पडणार, जागा ओळखून घेणार, आणि अंधार पडून त्या परत आत येईपर्यंत पेट्या हलवता येणार नाहीत. त्यातून समोरच रसवंती. उसाच्या वासाने चाळीस पेट्यांतल्या माश्या तिथे तुटून पडल्या असत्या आणि सकाळची शाळा सुटून घरी जाणारी पोरं त्याच रस्त्याने जात होती. विलासराव टेम्पो बघायला स्टँडकडे धावले. त्यांनी मला नंतर सांगितलं, पहिला टेम्पोवाला 'काय माल?' म्हणून हसत उठला होता. माल कळल्यावर परत बसला; दुसरा आणि तिसरा बसूनच नाही म्हणाले. "माशा? न्हाई बाबा. मला लेकरंबाळं हायत."

शेवटी भानुदासअण्णांना फोन केला. आम्ही त्यांना कधी बघितलंही नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टर घिऊन निगतो. तवर पानी मारा."

आम्ही पाणी मारत राहिलो. संतोषने नळी दिली, पत्र्याची सावली दिली. पण पत्र्याखाली हवा कोंडत होती. मला सगळ्यात जास्त आठवतो तो आवाज. आधी चाळीस पेट्या गरजत होत्या. मग कुठेतरी एक पेटी त्या गरजण्यातून गळली. आवाज कमी झाल्याचं तुम्हाला कळलं नसतं, आम्हाला कळलं. विलासराव एकेका पेटीला कान लावत फिरत होते, बोटाने टकटक करत होते. टकटक केली की जिवंत पेटी आतून 'हूं' करते. एका पेटीपाशी त्यांनी तीनदा टकटक केली. मग त्याच पेटीच्या तळातून मध ठिबकायला लागला. आतलं मेण उन्हाने वितळून पोळी कोसळली होती, आणि आपल्याच मधात माश्या बुडत होत्या.

मी रडले. भर गॅरेजमध्ये, लोकांसमोर. मला त्याची लाज वाटली नाही.

ट्रॅक्टर आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अण्णांनी ट्रॉलीवर लिंबाच्या फांद्यांचा मांडव घातला होता, खाली ओला कडबा अंथरला होता. सत्तरीकडे झुकलेला हा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वतः पेट्या उचलायला लागला. डंख बसले तरी हूं की चूं केलं नाही. संतोषही आला, हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. तो ट्रॅक्टर काळा धूर ओकत चालला. त्याला ना गाळणी ना दिवा. मी ट्रॉलीत पेट्यांमध्ये बसून होते आणि त्या धुराकडे बघत मला वाटलं, या जगात शहाण्यासारखं वागावं तरी कसं?

खर्डा

खर्ड्याचा किल्ला रस्त्यावरून दिसतो, भक्कम, गावाच्या कडेला बसलेला. अण्णांनी ट्रॅक्टरवरून हात करून दाखवला आणि ओरडून काहीतरी सांगितलं, बहुतेक मराठ्यांनी निजामाला इथेच हरवलं ते. मला ऐकू आलं नाही. मी पेट्या ऐकत होते.

अण्णांचं रान मात्र मी जन्मभर विसरणार नाही. काळ्या मातीवर गुडघ्याच्या वर आलेले पांढरे गोंडे, नजर जाईल तिथवर. त्या रानात एक भुंगा नाही, फुलपाखरू नाही. फवारण्यांनी या भागातल्या रानमाश्या कधीच संपल्यात, असं अण्णा म्हणाले. इतकं फुललेलं रान इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

बांधावर पेट्या मांडल्या आणि दारं उघडली. काही पेट्यांतून माश्या भळभळ बाहेर आल्या, हवेत गोल फिरल्या, फुलांवर उतरल्या. काहींतून चार-दोन ओल्या, काळ्या पडलेल्या माश्या चालत आल्या आणि दारातच पडल्या. बाकीच्या दारांतून कोणीच आलं नाही. झाकणं उघडली तेव्हा तळाला मेण, मध आणि माश्यांचा एकच लगदा होता. निम्म्याहून जास्त पेट्या गेल्या होत्या. विलासरावांनी त्या मोजल्या नाहीत आणि मलाही मोजू दिल्या नाहीत.

त्या संध्याकाळी कमलवहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, शिपी आमटी केली होती. चार डाळींची, वर लाल तवंग, आणि तिखट असं की आमच्या वाईच्या जिभेला चटका बसावा. इकडे पाहुण्याला आमटीचं भांडंच समोर ठेवतात आणि भाकरी कुस्करायला लावतात. विलासरावांनी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. वहिनी त्यांना म्हणाल्या, "भाऊ, ज्या जगल्यात त्यांच्यासाठी तरी खावा. सकाळी त्यांच्याकडं कोन बगनार?" त्यांनी दोन घास खाल्ले.

सकाळी उठले तर रानात बाया दिसल्या. वहिनींनी शेजारच्या चौघींना बोलावलं होतं. प्रत्येकीच्या हातात मऊ धोतराचा तुकडा. गोंड्यागोंड्यावरून तो हलकेच फिरवत त्या सरीतून पुढे सरकत होत्या, माश्यांचं काम हातांनी करत होत्या. वहिनींनी मलाही एक फडकं दिलं. दुपारपर्यंत मी एक सरी संपवली. तेवढ्या वेळात एका धड पेटीने अर्धं रान पालथं घातलं असतं.

संध्याकाळी गॅरेजमधून फोन आला. एक दिवस उशिराने का होईना, गाडी तयार होती. फिल्टर साफ झाला, ऑइल बदललं, दिवा गेला. विलासरावांनी "बरं" म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

आता राहिलं होतं शेवटचं काम. ज्या पेट्या जगल्या होत्या त्यातल्या बऱ्याच अशा, की राणी आहे पण तिच्याभोवती मूठभर माश्या. अशी पेटी एकटी तग धरत नाही. तिला दुसऱ्या तशाच पेटीशी जोडावं लागतं. दोघींच्या मध्ये टाचणीने भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा. माश्या तो कुरतडतात, तोवर एकमेकींचा वास ओळखीचा होतो आणि भांडण होत नाही. पण एका घरात दोन राण्या नांदत नाहीत. जोडण्याआधी दोघींतली एक मारायची असते.

आमच्या घरी हे काम विलासरावांचं. माझं काम राण्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचं, म्हणजे हजारो माश्यांत राणी चटकन सापडते. या राण्या मी अळीपासून वाढवलेल्या होत्या. आदल्या दिवशीच्या भट्टीतून, लगद्यातून जगल्या होत्या.

विलासरावांनी पहिली पेटी उघडली, राणी शोधली, चिमटीत धरली. ते तसेच उभे राहिले. अण्णा आणि वहिनी बांधावर होते, त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"शैला," ते म्हणाले. ते मला नावाने हाक मारत नाहीत. "माझ्यानं व्हत न्हाय."

मी त्यांच्या चिमटीतून राणी घेतली. ती बोटांत वळवळत होती, चांगली भरलेली, अंडी घालण्याच्या दिवसांतली. तिच्यात काही खोट नव्हती. मी अंगठा दाबला. काही आवाज झाला नाही. माझ्या अंगठ्यावर तेवढा पिवळा रंग लागला.

मग विलासरावांनी कागद ठेवला, वर दुसरी पेटी ठेवली आणि आम्ही पुढच्या पेटीकडे गेलो.